कॅम्पर व्हॅन घेऊन निघताय? रात्रीच्या मुक्कामाची जागा अशी निवडा (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

कॅम्पर व्हॅन भाड्याने घेणारी मंडळी आठवडाभर गाडी निवडण्यात घालवतात. बेड किती, फ्रिज केवढा, एसी आहे का, मागे शॉवर आहे का. मुक्कामाची जागा मात्र ‘बघू जाताना’वर सोडलेली असते. युरोपात हे खपून जातं, कारण तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ ठिकठिकाणी आहेत. आपल्या राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि त्यात कॅराव्हॅन पार्कची तरतूदही आहे. तरी ठाण्याहून कुठल्याही दिशेला निघालात तर रोज संध्याकाळी असा तयार तळ मिळेल, या भरवशावर सहल आखता येत नाही.

म्हणून आपल्याकडे जागा निवडणं म्हणजे बहुतेक वेळा यजमान निवडणं. कोणाची तरी वाडी, घरगुती निवासाचं अंगण, एमटीडीसीच्या रिसॉर्टचं आवार, कृषी पर्यटन केंद्राचं मोकळं रान. फोटोत तळं किती निळं दिसतं याला मी फार महत्त्व देत नाही. डांबरी रस्ता सोडल्यापासून फाटकापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर कसा आहे आणि फाटकाच्या आत कोण आहे, या दोन गोष्टी जमल्या तर बाकीचं जमवता येतं.

सुरुवात टेपने करा

गाडी ताब्यात घेताना लांबी, रुंदी आणि उंची स्वतः मोजा. कंपनीच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच कॅम्पर व्हॅन फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर बांधलेल्या असतात. छतावर एसी, सोलर पॅनेल किंवा सामानाचा कॅरियर चढला की उंची तीन मीटरच्या आसपास जाऊ शकते. आकडा कागदावर लिहून ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा. तिसऱ्या दिवशी झाडाच्या फांदीखाली गाडी घालताना तो कोणाच्याही डोक्यात नसतो.

पहिला अडथळा घोडबंदर रोडवर किंवा खारघरला, आपल्याच सोसायटीत भेटतो. बेसमेंट आणि पोडियमच्या तोंडाशी बहुधा दोन-सव्वादोन मीटरवर आडवा बार असतो. ही गाडी त्याखालून जात नाही. सामान भरायला ती आदल्या रात्री कुठे उभी करायची हे सेक्रेटरींशी आणि गेटवरच्या वॉचमनशी आधीच बोलून ठेवा. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये जागा मिळाली तरी तिथे वरून केबलच्या वायरी लोंबकळत नाहीत ना, ते बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालते, पण भाड्याची गाडी तुम्ही स्वतः चालवायची की कंपनीचा ड्रायव्हर असणार, हे करारात बघा. ड्रायव्हर असेल तर त्याच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय हासुद्धा मुक्कामाच्या जागेचा एक निकष होतो. हे लोक हमखास विसरतात आणि बिचारा पुढच्या सीटवर पाय दुमडून रात्र काढतो. जुनी गाडी घेऊन स्वतः कॅम्पर बनवणार असाल तर आरटीओच्या परवानगीशिवाय केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

रस्ता जोखायला माझं एक माप आहे. एसटी ज्या स्टॉपपर्यंत जाते तिथवर आपली गाडी बिनघोर जाते. वायरी, फांद्या, वळणं, साकव, सगळ्याची परीक्षा एसटीने रोज दिलेली असते. त्यापुढचा रस्ता मात्र गाडी उभी करून, चालत जाऊन बघायचा. नकाशात तो कितीही सरळ दिसो.

ऋतू आणि दिशा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुठेही जा. मार्चपासून किनाऱ्यावर रात्री उकडायला लागतं आणि पत्र्याच्या गाडीत ते जास्तच जाणवतं, म्हणून तेव्हा घाटावर चढा. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. भंडारदऱ्याचा परिसर साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे मे महिन्यातही रात्री एसीशिवाय झोप लागण्याची शक्यता तिथे बरीच. उलट डिसेंबरात तिथला पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, तेव्हा ठाण्याच्या थंडीच्या हिशेबाने चादरी नेऊ नका.

मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा-रतनवाडीला काजवे बघायला गर्दी लोटते. रतनवाडीकडचा धरणाकाठचा रस्ता अरुंद आहे आणि शनिवारी रात्री तिथे कॅम्पर घालणं म्हणजे पहाटेपर्यंत अडकणं. गाडी शेंडी गावात लावा आणि पुढे स्थानिक जीपने जा. काजव्यांनाही तुमचे हेडलाइट नकोच असतात.

पावसाळ्यात माझं मत सरळ आहे: घाटाच्या कड्याखाली, ओढ्याकाठी आणि मातीच्या जमिनीवर मुक्काम नाही. माळशेजचे धबधबे बघायचे असतील तर दिवसा बघा आणि रात्री घाट ओलांडून पलीकडे, पक्क्या आवारात थांबा. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात वाहतुकीला बंद होतात, तेव्हा निघण्याआधी त्या जिल्ह्याच्या पोलिसांच्या सूचना वाचा.

दोन तारखा टाळाव्यात. नाताळ ते ३१ डिसेंबर किनारा तुडुंब भरलेला असतो. गणपतीच्या आधीचे चार दिवस मुंबई-गोवा महामार्ग चाकरमान्यांचा असतो. तुम्हीही त्यांच्यातलेच असाल तर गोष्ट वेगळी.

पहिली रात्र जवळ

ठाण्याहून पहिल्याच दिवशी तारकर्ली गाठायची हौस सोडा. पहिला मुक्काम शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत ठेवा. मुरबाड, शहापूर, वाडा, कर्जत, कोलाड, इगतपुरी, दिशा कोणतीही चालेल. पाण्याचा पंप आवाज करतो, गॅसचा रेग्युलेटर बसत नाही, उशा घरीच राहिल्या, हे सगळं पहिल्या रात्रीच कळतं आणि तेव्हा घर दोन-अडीच तासांवर असलेलं बरं.

इथे दिशेचा हिशेब करा. नवी मुंबईकर कळंबोली-पळस्पे गाठून कोकणात सहज उतरतो. ठाणेकराला त्याआधी ऐरोली-महापे किंवा मुंब्रा बायपास-शीळफाटा पार करायचा असतो आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे दीड-दोन तास आरामात जातात. म्हणून ठाण्याहून कोकणात निघायचं तर पहाटे पाचच्या आत, नाहीतर पहिल्या दिवशी नाशिकच्या बाजूला वळा. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. कसाऱ्याच्या घाटात ट्रकमागे रांगत जाण्याला आता पर्याय आहे.

पुढच्या दिवसांसाठी दिवसाला दीडशे किलोमीटर पुरे. मुक्कामाला चारच्या सुमारास पोचायचं. डिसेंबरात सहा वाजता अंधारायला लागतं, आणि नवीन जागी गाडी मागे घेणं, पातळी बघणं, प्लग शोधणं ही उजेडातली कामं आहेत.

फोन: इथे वेळ घालवा

उपग्रह नकाशावर जागा बघा, परीक्षणं वाचा, आणि मग फोन करा. खरी निवड फोनवरच होते. ‘गाडी आत येईल ना?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’च असतं. यजमान खोटं बोलत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर इनोव्हा असते. झालेली गोष्ट विचारा.

‘काका, ठाण्याहून बोलतोय. तुमच्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर आलीय का कधी?’

‘आली होती ना. डोंबिवलीची मंडळी होती, गेल्या दिवाळीत.’

‘कुठे लावली होती?’

‘ती होय... ती देवळापाशी लावली होती. तिथून पाच मिनटं चालत आली मंडळी.’

म्हणजे गाडी आत आलेली नाही. आता पुढचे प्रश्न. देवळापासून आतपर्यंत दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं) आहेत की एकीकडे मोकळं आहे? समोरून रिक्षा आली तर कोण मागे जातं? फाटकाच्या आत गाडी वळते की रिव्हर्स घेत बाहेर काढावी लागते? घरातल्या एखाद्या मुलाला सांगा, ‘दादा, मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठव ना, मोबाइल थोडा वर धर.’ वर धरायला सांगायचं ते वायरी आणि फांद्या दिसाव्यात म्हणून. दोन मिनिटांच्या त्या व्हिडिओतून जे कळतं ते पन्नास परीक्षणांत सापडत नाही.

मग विजेचं. ‘लाइट आहे का’ असं विचारू नका, १५-१६ अँपिअरचा पॉवर प्लग बाहेरच्या भिंतीवर आहे का आणि तिथून गाडी किती फुटांवर उभी राहील, ते विचारा. आठवड्यात देखभालीसाठी वीज जाण्याचा वार कोणता, तेही.

पाण्याचं विचारताना जरा भान ठेवा. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, मुंबईचं बरंचसं पाणी तिथूनच येतं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. एप्रिल-मेमध्ये तिकडे जाऊन ‘टाकी भरून द्या’ म्हणणं बरं दिसत नाही. ठाण्यातून टाकी काठोकाठ भरून न्या आणि अंघोळ बादलीत बसवा.

पैशांचं शेवटी, पण फोनवरच. ‘खोली नको, फक्त गाडी लावायची, संडास-बाथरूम वापरायचं, वीज-पाणी घ्यायचं’ हे ऐकून बरेचजण गोंधळतात, कारण त्यांच्याकडे याचा दर नसतो. इथे एक किल्ली सांगतो. घरगुती निवास चालवणाऱ्याला जेवणात चार पैसे बरे सुटतात. ‘रात्रीचं जेवण आणि सकाळचे घावन तुमच्याकडेच, चार माणसं’ हे आधी सांगा, पार्किंगचं नंतर काढा. नुसत्या पार्किंगला नाही म्हणणाऱ्या काकू जेवणाचं ऐकल्यावर ‘मासे खाता ना?’ विचारतात. तेव्हा जागा ठरली असं समजा. ठरलेला आकडा मात्र मेसेजवर लिहून घ्या. त्यात विजेचे पैसे धरलेत का, हे स्पष्ट असू द्या.

पायाखालची जमीन

कोकणात गाडीला सगळ्यात भरवशाची जमीन म्हणजे जांभ्याचा कातळ, म्हणजे गावावरचा सडा. पाऊस पडून गेला तरी चाक रुतत नाही. पण सड्यावर वारा मोकाट असतो, दिवसभर तापलेला दगड रात्री बराच वेळ धग सोडतो आणि पावसाळी ढग असताना विजेच्या दृष्टीने ती सगळ्यात उघडी जागा. आणखी एक कारण आहे ज्यासाठी सड्यावर वाटेल तिथे गाडी घालू नये. रत्नागिरी-राजापूर भागातल्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, उक्षी ही नावं वाचली असतील. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कित्येक ठिकाणी कुंपण नाही, पाटी नाही. चाकाखाली काय आहे हे गाडीत बसून कळत नाही.

भाताची खाचरं डिसेंबरात सपाट, कोरडी आणि मोहात पाडणारी दिसतात. मालकाने परवानगी दिली तरी बांध ओलांडताना गाडीचं पोट घासतं. खालच्या बाजूला सांडपाण्याची टाकी आणि पाइप असतील तर पहिला तडाखा त्यांनाच. घाट चढून जुन्नर, अकोले, संगमनेरकडे गेलात की काही पट्ट्यांत काळी माती लागते. अवकाळी सर आली तर सकाळी तिथून गाडी ट्रॅक्टरनेच निघते. आकाश भरलेलं असेल तर मुरमाचं आवार, फरशी किंवा सिमेंटचं खळं असलेली जागाच घ्या.

नारळाच्या वाडीत गाडी लावायची हौस सगळ्यांना असते. फोटो सुंदर येतात, पण नारळ आणि झावळी पडायची वेळ सांगून येत नाही आणि छतावरच्या सोलर पॅनेलला दोन्हींपैकी काहीही पुरतं. यजमानांना विचारा, ‘पाडा कधी झाला?’, म्हणजे नारळ शेवटचे कधी उतरवले. नुकताच पाडा झालेल्या झाडाखाली धोका कमी, तरी मी दोन माडांच्या मधली मोकळी जागाच मागतो. आंब्याखाली सावली दाट, पण चीक आणि पक्ष्यांची घाण पुसताना दुसऱ्या दिवसाचा अर्धा तास जातो.

सपाट मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे

गावाच्या मधोमध छान साफ पटांगण दिसलं की शहरी माणसाला ते पार्किंग वाटतं. कोकणात ती बरेचदा सहाण असते, शिमग्यात पालखी जिथे बसते ती. किंवा होळीचा माळ. किंवा कोणाचं तरी खळं, जिथे दुसऱ्या दिवशी भात पसरायचं असतं. दाट झाडीचा एकच तुकडा उरलेला दिसतो ती देवराई असते. नदीकाठचा शांत कोपरा स्मशानाचाही असू शकतो. कोणालाच विचारायला मिळालं नाही तर त्या जागी थांबायचं नाही. विचारायचं ते पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत. ‘आज रात्री अमक्यांच्या वाडीत आमची गाडी आहे’ एवढं पोलीस पाटलांच्या कानावर असलं की रात्री बॅटरी मारून कोणी दार ठोठावत नाही.

जंगलात परवानगीशिवाय मुक्काम नाही, आणि यात पळवाटा शोधू नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तानसा अभयारण्य, कर्नाळा पक्षी अभयारण्य, भंडारदऱ्याकडचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. ठाणेकराच्या आवडीच्या अर्ध्या जागा यात येतात. अभयारण्याच्या हद्दीतल्या गावात राहायचं तर तिथल्या घरगुती निवासाच्या आवारात, वन खात्याचं प्रवेशशुल्क भरून. शेकोटी तर वनक्षेत्रात अजिबात नको. जुन्नर-अकोले पट्ट्यात उसाच्या फडाला लागून गाडी लावू नका, तिथे बिबट्यांचा वावर कायमचा आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे गाड्या जातच नाहीत, म्हणजे कॅम्परसाठी ते नाव यादीतून खोडा.

नदीपात्राबद्दल एकच उदाहरण पुरे. कोलाडला कुंडलिकेच्या काठी सकाळी पाणी वाढतं, तेही निरभ्र आकाशाखाली. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटतं आणि तिथलं राफ्टिंग त्यावरच चालतं. रात्री कोरडा दिसलेला दगडगोट्यांचा पट्टा म्हणूनच मुक्कामाचा नाही. धरणाच्या खालच्या अंगाला कुठेही हाच नियम लावा.

समुद्राजवळ: तिथी बघा

दर हंगामात कोणाची तरी गाडी पुळणीत रुतून भरतीत सापडल्याची बातमी येते. ओहोटीच्या वेळची ओली पुळण डांबरासारखी टणक वाटते आणि तिथेच फसगत होते. कॅम्पर पुळणीवर उतरवायचीच नाही. किनाऱ्याच्या मागच्या बाजूला, सुरुच्या बनापलीकडे, घराच्या आवारात लावायची. रायगडच्या बऱ्याच किनाऱ्यांवर वाहनं नेण्याला बंदी आहे, ती वेगळीच.

भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब अजून कामाला येतो. तिथीला पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, त्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा, दिवसा आणि रात्रीही. हा हिशेब मुंबई-रायगडच्या बाजूचा, खाली दक्षिणेला वेळ थोडी मागेपुढे होते, पण अंदाजाला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी.

कॅम्परवाल्याला तिथीचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींनी सागरी रस्त्याचे मोठे वळसे वाचतात. पण ओहोटीला बोटीचा रॅम्प जास्त उतरता लागतो आणि मागच्या चाकामागे लांब शेपूट असलेली गाडी तिथे खालून घासते. भरतीच्या आसपासची फेरी धरा आणि तिकीट काढण्याआधी जेट्टीवरच्या माणसाला गाडी दाखवा. तो एका नजरेत सांगतो.

पोचल्यावर पहिला अर्धा तास

गाडी आत घेण्याआधी एकाने उतरून पूर्ण चालून यायचं. वर बघत एकदा, खाली बघत एकदा. तोंड फाटकाकडे ठेवून गाडी लावा, म्हणजे रात्री निघायची वेळ आली तर रिव्हर्स घ्यायला नको. मोबाइलवरच्या पातळीच्या अॅपने किंवा गवंड्याच्या छोट्या लेव्हलने जमीन बघा. थोडा उतार असेल तर झोपताना डोकं चढाच्या बाजूला, आणि जास्त असेल तर खालच्या चाकाखाली जाड फळी घाला. हँडब्रेक लावला तरी चाकाला दगड हवाच. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर तो तिरका चालत नाही, त्याच्यासाठी पातळी सक्तीची.

मग प्लग. आधी सॉकेट टेस्टरने अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तिसऱ्या भोकाला तार जोडलेलीच नसते आणि पत्र्याच्या गाडीत ओल्या पायांनी चढणाऱ्याला ते महागात पडतं. घरातली पांढरी एक्स्टेंशन एसीला चालत नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्या आणि ती पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळी तशीच ठेवली तर तापते.

प्लग मिळाला नाही तर किती निभतं, याचा हिशेब युनिटमध्ये करा, लाइटबिलामुळे तो सगळ्यांना कळतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे जेमतेम १.२ युनिट. लिथियम असेल तर त्यातलं एक युनिट हाती लागतं, साधी लेड-ॲसिड असेल तर अर्ध्याच्या वर उपसू नये. छोटा पंखा रात्रभरात पाव युनिटही खात नाही. फ्रिज दिवसाला अर्धं ते एक. एक टनाचा एसी तासाला जवळजवळ एक. म्हणजे बॅटरीवर एसी ही गोष्ट विसरा. एप्रिलमध्ये किनाऱ्यावर प्लगशिवाय मुक्काम असेल तर जाळीच्या खिडक्या आणि दोन पंखे, एवढंच शस्त्र.

स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीखाली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की गाडीच्या तळाशी साठतो आणि वास नाकापर्यंत उशिरा येतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. झोपताना त्याचा कॉक बंद करा. थंडीत शेगडी आत घेऊन झोपण्याचा विचारही करू नका, बंद गाडीत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, नाहीतर चार माणसांच्या श्वासाने सकाळी काचा आणि गाद्या दोन्ही ओल्या होतात.

रात्री उतरताना हातात टॉर्च आणि पायात बूट. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, चपलेतल्या पायाला सापडतं. बूट बाहेर काढले असतील तर सकाळी झटकून घाला.

संडास आणि सांडपाणी

यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. गाडीत कॅसेट टॉयलेट असेल तर ती साधारण वीस लिटरची असते, चार माणसांत दोन-तीन दिवसांत भरते. आपल्याकडे ती रिकामी करायची तयार सोय क्वचितच असते. यजमानाच्या संडासात रिकामी करायची तर आधी विचारून, आणि सेप्टिक टँकचा संडास असेल तरच. टॉयलेटमध्ये टाकायचं तीव्र रसायन सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, म्हणून सौम्य प्रकारचं घ्या. विहिरीजवळचा शोषखड्डा असेल तर नको. सगळ्यात सोपं म्हणजे गाडीतलं टॉयलेट फक्त रात्री-अपरात्रीसाठी ठेवायचं आणि एरवी घरातलं वापरायचं. म्हणूनच फोनवर ‘बाहेरून जाता येईल असा संडास आहे का’ हा प्रश्न असतो. रात्री दोनला यजमानाचं मधलं घर ओलांडून जायला कोणालाच आवडत नाही.

भांडी-अंघोळीचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नका. कोकणात मोरीचं पाणी केळीला, माडाच्या आळ्याला जातं. तुमचंही तिकडेच वळवता येईल का, विचारा. साबण कमी वापरलेला असावा, एवढंच.

पहिल्या सहलीसाठी तीन आखण्या

थंडीत दोन रात्री: ठाणे-आमणे-इगतपुरी-शेंडी. पहिली रात्र इगतपुरीच्या आसपास कृषी पर्यटनाच्या आवारात, दुसरी भंडारदऱ्याला. एमटीडीसीचं रिसॉर्ट तिथे आहे, गाडीतच झोपणार असल्याचं सांगून आवारात लावू देतील का, हे व्यवस्थापकांशी बोलून ठरवा. परतताना त्याच रस्त्याने.

नवी मुंबईकरांसाठी तीन रात्री: कळंबोली-पेण-कोलाड, मग दिवेआगर किंवा हरिहरेश्वर, बागमांडला-वेसवी फेरीने वेळास. वेळासला मार्चच्या आसपास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतात. तिथल्या घरांची अंगणं लहान आहेत आणि रस्ता अरुंद, तेव्हा व्हिडिओ मागवल्याशिवाय कॅम्पर त्या गावात नेऊ नका.

पवना धरणाचा काठ मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. जवळ आहे, तंबूंचे तळ पुष्कळ आहेत, म्हणून सगळे आधी तेच निवडतात. मंगळवारी-बुधवारी गेलात तर तिकोना-तुंगच्या पायथ्याची शांतता मिळेल. शनिवारी स्पीकर मिळेल. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, ती तळावर पाळली जाते का, हे फोनवर विचारा आणि उत्तर देताना पलीकडचा माणूस हसला तर दुसरीकडे बघा.

जागा ऐनवेळी फसली तर

पोचलात आणि फाटक अरुंद निघालं, किंवा यजमानाने जागा दुसऱ्याला दिली, असं होतंच. म्हणून प्रत्येक मुक्कामाला मागे एक पर्याय हवा, आणि तो तीस-चाळीस किलोमीटरच्या आत, आल्या रस्त्यावरच. मोठ्या देवस्थानाच्या भक्तनिवासाची पार्किंग चांगली असते, फक्त तिथे अंडं-मासळी शिजवायची नाही आणि बाटली काढायची नाही. नाहीतर महामार्गावरचा मोठा पेट्रोल पंप. डिझेल भरा, व्यवस्थापकांना सांगून ऑफिसच्या बाजूला, सीसीटीव्हीच्या नजरेत गाडी लावा. ट्रकच्या रांगेत नको, पहाटे तीनला इंजिनं सुरू होतात. द्रुतगती मार्गाच्या कडेला, ब्रेकडाउनच्या पट्ट्यात ‘दोन तास पडतो’ म्हणून थांबणं जिवावरचं आहे आणि बेकायदाही. काही वेडंवाकडं वाटलं तर ११२ लावा. निघण्याआधी त्या रात्रीचं लोकेशन घरी कोणाला तरी पाठवून ठेवा, कारण घाटाखालच्या बऱ्याच गावांत रेंज नऊनंतर शोधावी लागते.